चर उघडा आहे तोवर बघून घ्या: घराला नळ आणि भुयारी गटार जोडताना

मी परवानाधारक प्लंबर आहे. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो आणि धुळ्यापासून भुसावळपर्यंत जिथे काम निघेल तिथे जातो. अलीकडे माझं बरंचसं काम एकाच प्रकारचं असतं, ते म्हणजे वाढीव वस्तीतल्या घरांना पालिकेचा नळ आणि भुयारी गटार जोडून देणं. २०१५ साली शहरांच्या पाण्यासाठी आणि गटारींसाठी केंद्राची अमृत योजना आली, २०२१ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि शहराशहरांतले रस्ते पाइपांसाठी उकरले गेले. ज्या शेतांत कापूस उभा असायचा तिथे प्लॉट पडले, घरं झाली, पण लोक कितीतरी वर्षं बोअर, टँकर आणि सेप्टिक टँकवरच राहिले. आता लाइन दारापुढे आली आहे आणि दारोदार तेच प्रश्न विचारले जातात.

"भाऊ, बोअर शे ना आपला, मंग नळना पैसा कसाले भरू?" हा पहिला प्रश्न. पाणी चार दिवसांनी येणार तर नळ घेऊन काय करायचं, हा दुसरा. पावसाळ्यात गटार उलटी फिरून घाण मोरीत आली तर, हा तिसरा, आणि तो बहुतेक वेळा घरातली बाई विचारते, कारण ती घाण तिलाच काढावी लागते. सेप्टिक टँक बांधायला पैसे घातलेत, तो फुकट जाणार का? घरपट्टी वाढेल का? नुकताच झालेला रस्ता पुन्हा फोडणार का?

हे सगळे प्रश्न रास्त आहेत. लोक उगाच विरोध करतात असं जे म्हणतात, त्यांनी एकदा त्या मोरीत उभं राहून बघावं. पण या प्रश्नांची खरी उत्तरं कागदावर मिळत नाहीत, ती चरात मिळतात. जोडणी चांगली झाली की वाईट, हे चर उघडा असतो त्या दोन-चार तासांत ठरतं. एकदा माती लोटली की पुढची वीस वर्षं तो सांधा कुणाला दिसत नाही. म्हणून त्या दिवशी घरातल्या एकाने कामावर सुटी टाकावी आणि चराशेजारी उभं राहावं. काय बघायचं ते मी सांगतो.

अर्ज करण्याआधी

सर्वांत आधी पालिकेच्या पाणीपुरवठा विभागात जाऊन विचारा, तुमच्या गल्लीतली लाइन टाकून झाली आहे की चालू झाली आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्याच्या बाबतीत फरक पडला तर नळ काही महिने कोरडा राहतो, एवढंच. गटारीच्या बाबतीत मात्र फार मोठा फरक पडतो. पाइप टाकले, मॅनहोल बांधले, पण पुढचं पंपिंग स्टेशन किंवा मलशुद्धीकरण केंद्र चालू नसेल, तर वरच्या अंगाच्या घरांनी जोडून घेतलेला मैला खालच्या अंगाच्या कॉलनीत जाऊन साचतो आणि तिथल्या मॅनहोलमधून वर येतो. वरच्या घराला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून लाइन कार्यान्वित झाली आहे आणि घर जोडायला परवानगी आहे, हे लेखी घेतल्याशिवाय गटार जोडू नका. ठेकेदाराच्या माणसाने "जोडा काका, काही होत नाही" असं म्हटलं तरी नाही.

कागदपत्रं अवघड नसतात. मालकीचा पुरावा म्हणून सिटी सर्व्हेचा उतारा, सातबारा किंवा खरेदीखत, चालू वर्षाची घरपट्टी भरल्याची पावती, ओळखपत्र, आणि परवानाधारक प्लंबरचा सही-शिक्का असलेला अर्ज. भाडेकरू असाल तर मालकाचं संमतीपत्र. घरपट्टीची जुनी थकबाकी असेल तर अर्ज तिथेच अडतो, म्हणून आधी ती मिटवा. गुंठेवारीतल्या घरांना वाटतं की आपल्याला नळ मिळणारच नाही. तसं समजून घरी बसू नका, अर्ज द्या. हमीपत्र घेऊन जोडणी देणाऱ्या पालिका आहेत. नळजोडणी मिळाली म्हणजे जागेचा मालकी हक्क सिद्ध झाला असं मात्र होत नाही, तो विषय वेगळा.

पैशाचं म्हणाल तर आकडा प्रत्येक गावच्या ठरावाप्रमाणे बदलतो, पण बाबी त्याच असतात. जोडणी शुल्क, अनामत, रस्ता खोदाईचं शुल्क, आणि मग तुमचा माल आणि मजुरी. यातली रस्ता खोदाई सगळ्यांत जड जाते, आणि डांबरीपेक्षा काँक्रीटचा रस्ता फोडायचा दर जास्त लागतो. पालिकेकडे भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. गटारीसाठी मलनिस्सारण कर घरपट्टीच्या बिलात वेगळ्या ओळीत येतो. जोडणी मिळण्याआधीच तो लागला असेल तर बिल बजावल्यावर हरकत घ्यायची जी मुदत असते, तिच्या आत लेखी हरकत द्या.

अर्जाची पोच घेणं विसरू नका. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा किती दिवसांत द्यायची आणि कोणत्या अधिकाऱ्याने द्यायची, हे कार्यालयात फलकावर लावावं लागतं. नळजोडणी त्या फलकावर शोधा, दिवस लिहून घ्या. मुदत उलटली किंवा कारण न देता अर्ज फेटाळला, तर तीस दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं, मग दुसरं, आणि त्यानंतर थेट आयोगाकडे जाता येतं. मी पाहिलंय की नुसतं "अपील कुणाकडे करायचं, साहेब?" असं नम्रपणे विचारलं तरी फाईल टेबलावर वर येते.

रस्ता होण्याआधी

हे लहानसं आहे, पण कॉलनीचे सगळ्यांत जास्त पैसे यात वाचतात. रस्ता काँक्रीटचा होणार अशी कुणकुण लागली की ताबडतोब सगळ्या घरांनी मिळून एक अर्ज द्या आणि प्रत्येक प्लॉटसमोर, रिकाम्या प्लॉटसमोरसुद्धा, रस्त्याखालून एक रिकामा आडवा पाइप टाकून मागा. नंतर ज्याला जोडणी हवी त्याने त्या पाइपातून आपली नळी ओवून घ्यायची. रस्ता फुटत नाही, शुल्क लागत नाही, शेजाऱ्याशी भांडण होत नाही. रिकाम्या प्लॉटचा मालक पुण्याला नाहीतर सुरतेला असतो, त्याला फोन करून वर्गणी मागा. नाही दिली तरी टाकून घ्या. तो घर बांधायला येईल तेव्हा फुटणारा रस्ता तुमचाच असेल.

नळाची जोडणी

खान्देशात पाणी लांबून येतं. जळगावला वाघूर धरणातून, धुळ्याला तापीवरून आणि अक्कलपाडा धरणातून, नंदुरबारला विरचकमधून, चाळीसगाव-पाचोऱ्याकडे गिरणेतून. ते उपसायचं, शुद्ध करायचं, टाक्यांत चढवायचं आणि मग आवर्तनाने एकेका भागाला सोडायचं. म्हणून आपल्याकडे कुठे दिवसाआड, कुठे तीन-चार दिवसांनी, तर उन्हाळ्यात काही गावांना आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. मधल्या काळात पाइप रिकामा असतो. आपल्या भागात नळजोडणीची जेवढी काळजी घ्यायची, ती सगळी या एका गोष्टीमुळे. चोवीस तास पाणी असलेल्या पाइपात आतून दाब असतो, फट असली तरी पाणी बाहेर जातं, बाहेरचं आत येत नाही. रिकाम्या पाइपाचं तसं नाही.

एका जुन्या गावठाणात कावीळ झाली होती. दोन-तीन घरांतली लेकरं आजारी. गल्लीत दोन्ही बाजूंना उघडी गटार आणि बहुतेक घरांचे जस्ती पाइप त्या गटारीतूनच गेलेले. आम्ही एका घरासमोर गटारीतला गाळ काढला. एल्बोच्या, म्हणजे वळणाच्या सांध्याच्या, आट्यांवरची सुतळी कुजून निघाली होती. पाणी सुटलं तेव्हा त्या जागी गटारीच्या पाण्यात बारीक बुडबुडे उठत होते. पाणी बंद झालं, पण शेजारच्या घरात मोटर चालूच होती. थोड्या वेळात बुडबुडे थांबले. गटारीवर शेंगदाण्याचं एक लाल टरफल तरंगत होतं, ते हळूहळू फिरायला लागलं, एल्बोकडे सरकलं आणि सांध्याला जाऊन चिकटलं. गल्लीतली दहा-बारा माणसं वाकून बघत होती. मोटर कोणी बंद करा असं सांगावं लागलं नाही.

त्यामुळे पहिला नियम हाच, की नळाचा पाइप गटारीतून न्यायचा नाही. ओलांडायचीच असेल तर गटारीच्या वरून, किंवा खालून न्यायची वेळ आली तर एका मोठ्या पाइपाच्या आतून, आणि त्या तुकड्यात एकही सांधा नको. एमडीपीई म्हणजे निळा प्लास्टिकचा पाइप गुंडाळीत येतो, तो अखंड टाकता येतो. फेरूलपासून, म्हणजे मुख्य लाइनवर तुमची नळी जिथे जोडतात त्या तोटीपासून, तुमच्या भिंतीपर्यंत एकच तुकडा वापरा असं प्लंबरला आधीच सांगून ठेवा. जस्ती पाइप आपल्या काळ्या मातीत लवकर गंजतो, तो नकोच.

दुसरं, पाण्याचा पाइप आणि मैल्याचा पाइप एका चरात टाकू नका. मजुरी वाचते म्हणून हे सर्रास होतं आणि हेच सगळ्यांत घातक आहे. दोन्हींत आडवं अंतर दहा फूट ठेवावं असं शास्त्र सांगतं. वीस फुटी प्लॉटात दहा फूट कुठून आणणार, हे मला माहीत आहे. मग निदान प्लॉटच्या दोन वेगवेगळ्या कडा धरा, एका कडेने नळ आणि दुसऱ्या कडेने गटार. एकमेकांना ओलांडायची वेळ आलीच तर पाणी वर, मैला खाली, मध्ये दीड-दोन फुटांचं अंतर आणि त्या जागी दोन्हींत सांधा नाही.

मुख्य लाइनवर भोक पाडतात तेव्हा जवळ जाऊन बघा. पाइपावर सॅडल, म्हणजे त्याला कवेत धरणारा पट्टा, बसवायचं, त्याखाली रबर, बोल्ट सारखे आवळलेले, आणि फेरूल वरच्या अंगाला. खालून किंवा अगदी बाजूने टोचलं तर तळाचा गाळ तुमच्या नळात येतो. अर्ध्या इंचाची परवानगी असेल तर फेरूलही अर्ध्याच इंचाचं. शेजाऱ्याने पाऊण इंची टोचून घेतलं म्हणून तुम्हीही टोचलंत, तर गल्लीच्या टोकाच्या घराला पाणी पोचणार नाही. ते टोकाचं घर कुणाचं आहे ते एकदा आठवून बघा.

खोली विचाराल तर जिथून ट्रॅक्टर, टँकर जातात तिथे तीन फूट, आतल्या बोळात अडीच फूट. आणि इथे काळ्या मातीची गोष्ट आलीच. कापसाच्या शेतात प्लॉट पडले, पण माती कापसाचीच राहिली. वैशाखात तिला हाताची बोटं जातील अशा भेगा पडतात आणि मृगाचा पाऊस पडला की ती फुगते. दरवर्षी ती पाइपाला खाली-वर ढकलते. गुळगुळीत बसवलेला सांधा दोन पावसाळ्यांत उघडतो तो याच कारणाने. म्हणून चर पाइपाच्या तळापेक्षा अर्धा फूट जास्त खोदा, खाली वाळू किंवा बारीक मुरूम अंथरा, पाइपाच्या बाजूंनी आणि वर अर्धा फूट तोच मुरूम टाका, मग वरून काळी माती. दगड-विटांचे तुकडे चरात नकोत. पाइप जोत्यातून आत शिरतो तिथे त्याला सिमेंटने घट्ट पकडू नका. मोठा पाइप भिंतीत बसवून त्यातून नळी मोकळी सोडा, म्हणजे माती हलली तरी नळी तुटत नाही. एक ब्रास मुरमाला जो खर्च येतो तो करा. पैसे वाचवायचेच असतील तर बाथरूमच्या टाइलवर वाचवा.

गावठाणात काळी माती नसते, तिथे पांढरी असते, भुसभुशीत. जुन्या घरांखाली धान्याची पेवंही असतात. चर खोदताना माती एकदम आत बसली तर घाबरू नका, पण ती पोकळी तशीच ठेवून पाइप टाकू नका. आधी मुरमाने भरून, पाणी मारून, धुमसाने कुटून घ्या.

कुंपणाच्या आत आल्यावर आधी बंद करायचा कॉक, मग मीटर असेल तर मीटर, मग उलट पाणी जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, आणि तिथून थेट जमिनीतली टाकी. नळाच्या लाइनवर थेट मोटर लावायची नाही. पालिका मोटर जप्त करते हे एक कारण झालं. खरं कारण तुम्ही वर वाचलं आहे. नळाचं पाणी टाकीत पडू द्या आणि मोटर टाकीवर लावा. टाकीत नळाचं तोंड पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा वर असू द्या, बुडालेलं नको. नाहीतर तुमच्याच टाकीतलं पाणी परत लाइनमध्ये ओढलं जातं.

बोअर आहे म्हणून नळ कशाला, याचं उत्तर मी असं देतो. बोअर मोडू नका, पण त्याचं पाणी क्षारांचं आहे, गिझरची कॉइल आणि कपड्यांचा रंग सांगतोच. आणि ज्या कॉलनीत प्रत्येक घरामागे शोषखड्डा आहे तिथे बोअरचं पाणी प्यायच्या लायकीचं आहे की नाही, हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही. बोअर वापरायला ठेवा, नळ प्यायला आणि स्वयंपाकाला. पण दोन्ही लाइन एका कॉकने एकमेकींना जोडू नका. कॉक चुकून उघडा राहिला तर तुमच्या बोअरचं पाणी मोटरच्या जोराने पालिकेच्या लाइनमध्ये जातं आणि सगळी गल्ली ते पिते.

टाकी केवढी बांधायची? भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. पाच माणसांचं घर म्हणजे ६७५ लिटर, चार दिवसांचं आवर्तन असेल तर २,७०० लिटर. सहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि चार फूट खोल पाणी राहील अशी टाकी सुमारे ३,४०० लिटरची होते, ती पुरे. लोक भीतीने दहा हजारांची बांधतात. पाणी जितके दिवस साठून राहील तितका त्यातला क्लोरीन उडतो. झाकण मात्र लोखंडी, घट्ट बसणारं हवं. डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यातून बाहेर पडून उडायला लागतो, त्याला एवढीशी फट पुरते. आणि टाकी गटारीच्या चेंबरजवळ नको, प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला घ्या.

गटारीची जोडणी

आधी पातळी बघा, मग बाकीचं. बहुतेक गावांत रस्ता दर काही वर्षांनी जुन्या थरावर नवा थर चढत वर आला आहे आणि घरं खाली राहिली आहेत. पालिकेच्या चेंबरचं झाकण उघडून तळ किती खोल आहे ते मोजून घ्या. झाकण पालिकेचा माणूस उघडेल, तुम्ही नाही. तुमच्या सर्वांत लांबच्या मोरीपासून त्या तळापर्यंत चार इंची पाइपाला दर दहा फुटाला तीन इंच उतार मिळाला पाहिजे. घर चाळीस फूट खोल असेल तर एक फूट. मोजायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. एका बाईंच्या घरी आम्ही ती नळी धरली होती. एक टोक मागच्या मोरीत त्यांच्या हातात, दुसरं रस्त्यावरच्या चेंबरपाशी माझ्या. पाणी स्थिरावल्यावर दिसलं की घराची मोरी चेंबरच्या तळापेक्षा फक्त चार इंच वर आहे. ठेकेदाराचा माणूस "जमेल" म्हणत होता. बाई म्हणाल्या, "भाऊ, मले पानी दिसी ऱ्हायनं ना, कसं जमई?" त्यांचं बरोबर होतं. मोरी उचलून बांधली, मगच जोडलं.

उतार जास्त दिला तर आणखी चांगलं, असं समजू नका. पाणी पुढे पळतं आणि घाण मागे राहते.

पाणी रोज येत नाही मग गटार वाहणार कशी, असं लोक विचारतात. नळ चार दिवसांनी येत असला तरी अंघोळ, धुणं, भांडी रोजच होतात, टाकीतल्या पाण्यावर. गटारीत तेच पाणी जातं. गाळ बसू नये म्हणून मुख्य लाइनमध्ये पाण्याला सेकंदाला साधारण ०.६ मीटर वेग मिळावा अशा हिशेबाने ती आखलेली असते, आणि हा हिशेब बहुतेक घरं जोडली जातील असं धरून असतो. गल्लीतल्या चाळीस घरांपैकी सहाच जोडली तर ती लाइन तुंबणारच. "आधी शेजाऱ्याची कशी चालते ते बघू, मग आपण घेऊ" असं सगळ्यांनी म्हटलं की कुणाचीच नीट चालत नाही.

घरातलं जोडकाम असं हवं. संडासचा पाइप सरळ घराच्या चेंबरमध्ये. मोरीचं आणि स्वयंपाकघराचं पाणी आधी नहाणी ट्रॅपमध्ये, मग चेंबरमध्ये. ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी कायम उभं राहतं, ते गटारीचा वायू आणि झुरळं घरात येऊ देत नाही. ट्रॅप वगळला तर पहिल्याच आठवड्यात वास येतो आणि लोक गटारीला दोष देतात. सेप्टिक टँकचा उंच व्हेंट पाइप काढून टाकू नका, घराच्या चेंबरला तसाच जोडून घ्या, जाळी लावून. चेंबरच्या तळाला अर्धगोल पन्हळ करून दोन्ही बाजूंनी सिमेंटचा उतार द्यायला सांगा. सपाट तळाच्या चेंबरमध्ये मैला बसून राहतो. आणि तुमचा पाइप प्लॉटसमोर ठेवलेल्या चेंबरलाच जोडा. मुख्य पाइप फोडून मध्येच घुसवू देऊ नका.

चेंबर काळ्या मातीवर नुसतं विटांवर उभं करू नये, खाली मुरूम आणि त्यावर काँक्रीटचा थर हवा. कलंडलेलं चेंबर पाइप ओढतं.

घर रस्त्यापेक्षा खाली असेल, तर उलट्या प्रवाहाला अडवणारा व्हॉल्व्ह घराच्या शेवटच्या चेंबरमध्ये बसवा आणि तो उघडून साफ करता येईल अशा जागी ठेवा. पावसाळ्याआधी दरवर्षी तो धुवायचा, नाहीतर कचरा अडकून तो उघडाच राहतो.

पण उलटी फिरण्याचं मूळ बहुतेकदा गच्चीवर असतं. आपल्याकडे पाऊस दिवसांत मोजावा लागतो, पण पडतो तेव्हा तासाभरात रस्त्याचा ओढा करतो. भुयारी गटार त्या पाण्यासाठी बांधलेलीच नाही. एकेका गच्चीचं पाणी गटारीत सोडलं की खालच्या अंगाच्या घराच्या संडासातून ते वर येतं. गच्चीचा पाइप उघड्या नालीला सोडा, किंवा त्याहून उत्तम, गाळणखड्डा करून बोअरमध्ये मुरवा. मी गच्चीचं पाणी मैल्याच्या चेंबरला जोडून देत नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

गटारीत काय टाकू नये हे वेगळं सांगायला हवं का? हवंच, कारण तुंबलेल्या लाइनमधून मी काय काय काढतो ते मला माहीत आहे. चिंध्या, सॅनिटरी पॅड, भांडी घासायची राख आणि शेवभाजीच्या तर्रीचं तेल. डिसेंबरात थंडी पडली की ते तेल पाइपाच्या आतून गोठत जातं आणि त्यात बाकी सगळं अडकतं. घरगुती खानावळ असेल तर तेल अडवणारं वेगळं छोटं चेंबर करून घ्या.

जुन्या सेप्टिक टँकचं काय करायचं

गटार खरोखर चालू झाली असेल आणि पालिकेने सांगितलं असेल तर सेप्टिक टँक मधून काढून टाका, पाइप सरळ चेंबरला न्या. टाकी मध्येच ठेवून तिचं फक्त वरचं पाणी गटारीत सोडलं, तर उपशाचा त्रास आणि खर्च आयुष्यभर तुमच्याकडेच राहतो.

टाकी रिकामी करायची ती मैला टँकरने, नळी आत सोडून. कुणालाही आत उतरवू नका. तळाचा गाळ ढवळला की जो वायू निघतो तो एका-दोन श्वासांत माणसाला पाडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. दोराने बांधून, तोंडाला रुमाल लावून काही फरक पडत नाही. कितीतरी घरांतली कर्ती मुलं अशी गेली आहेत. २०१३ च्या कायद्याने माणसाला असं उतरवणं गुन्हा आहे, आणि उतरवणारा घरमालकही त्यात येतो. "पाचशे जास्त घे पण उरकून टाक" असं कुणी मजुराला म्हणत असेल तर मध्ये पडा.

रिकामी झाल्यावर वरून पहारीने तळाला भोकं पाडा म्हणजे पावसाचं पाणी आत साचणार नाही, मग मुरूम थराथराने भरा आणि प्रत्येक थरावर पाणी मारा. नुसता स्लॅब झाकून ठेवू नका. त्यावर उद्या कुणीतरी मोटारसायकल लावेल.

सामाईक भिंतीची घरं

जुन्या गल्ल्यांत तीन घरांना मिळून एकच चेंबर बसतं. चालतं, पण साध्या कागदावर तिघांच्या सह्या घ्या. चेंबर कुणाच्या ओट्याखाली आहे, उघडायची मुभा कुणाला, साफसफाईचा खर्च कसा वाटायचा. भाऊ-भाऊ असले तरी लिहा. वाटणी झाल्यावर पहिलं भांडण या चेंबरवरूनच होतं.

चर बुजवण्याआधी आणि नंतर

माती लोटायच्या आधी तीन गोष्टी करा. नळाची लाइन पाणी असताना दाबाखाली बघा, प्रत्येक सांध्याला कोरडा हात लावून. एक बादली पाण्यात कपड्याची नीळ कालवून सगळ्यात लांबच्या मोरीत ओता आणि शेवटच्या चेंबरपाशी उभे राहा. निळं पाणी एका लोटात, न थांबता यायला हवं. थबकत आलं तर कुठेतरी पाइप मध्येच खाली बसून त्याला झोळ पडला आहे. मग शेजारी टेप धरून मोबाइलवर फोटो काढा, भिंतीपासून किती फूट, किती खोल, आणि तो नकाशा वहीच्या पानावर काढून घरपट्टीच्या फाइलला लावा.

पहिल्या आवर्तनाचं पाणी पिऊ नका, पाइपातली माती धुऊन जाऊ द्या. नंतरही गढूळ किंवा वास येणारं पाणी आलं तर उकळून प्या आणि त्याच दिवशी पालिकेला लेखी कळवा, फक्त व्हॉल्व्हमनला तोंडी नाही. पाण्यात क्लोरीन आहे की नाही ते आरोग्य विभागाचा कर्मचारी नळीत दोन थेंब टाकून दाखवतो. पाणी पिवळसर झालं पाहिजे. नळाच्या तोंडाशी लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असं भारतीय मानक आहे. तपासणी टाकीतल्या पाण्याची नाही, थेट नळाच्या पाण्याची करायला सांगा. तुमच्या आणि गल्लीच्या टोकाच्या, दोन्ही घरांची.

आणि पहिला जोराचा पाऊस झाला की चराची जागा चालत जाऊन बघा. कितीही कुटला तरी चर थोडा खचतोच. खचला तेवढा मुरूम भरून घ्या, त्यात पाणी साचू देऊ नका. एकाच जागी पुन्हापुन्हा खचत असेल तर खाली सांधा गळतो आहे. तिथला फोटो काढून ठेवलेला आहेच, टेप लावा आणि तेवढाच तुकडा उघडा.